आम्ही मॅच बघायला गेलो



आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या बचत गटातल्या बाया. आज रेडिओवर बोलायची पाळी आमची आहे. गटाच्या बायका बोलायला बसल्या की कर्जाचे हप्ते, शेळ्यांचं लसीकरण, रक्तवाढीच्या गोळ्या असेच विषय निघतात. ते महत्त्वाचे आहेतच, पण आज एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. आम्ही नऊ जणी आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर जाऊन फुटबॉलची मॅच बघून आलो. हे भाषण सगळ्यांनी मिळून सांगितलंय, एकीनं लिहून काढलंय आणि एक वाचतेय. त्यामुळं 'आम्ही' म्हटलं की नऊ जणी समजा.

कोल्हापूरच्या बाईला फुटबॉल काय असतो ते सांगायला नको. शहरात पेठापेठांत तालीम मंडळं आहेत आणि तालमींच्या फुटबॉलच्या टीम आहेत. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब ही नावं आम्ही लग्न होऊन आल्यापासून ऐकतोय. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की आमच्या गावातली पोरंसुद्धा मोटरसायकली काढून जातात. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्डकप भारतात झाला. त्यात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा तर घराघरांत टीव्ही चालू होते. जेवताना गप्पा त्याच. कुणाचा गोल गेला, रेफ्रीनं फाऊल दिला नाही, पुढच्या वेळी दाखवतो. आम्ही आपल्या भाकरी वाढत ऐकणार आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे शर्ट धुणार. आमच्यातल्या एक काकी म्हणाल्या, "तीस वर्सं झाली, मॅचचा गुलाल धुतोय. मॅच काय अजून बघितली न्हाई."

आम्हाला कुणी जाऊ नका म्हटलं होतं का? खरं सांगायचं तर नाही. कुणी म्हटलं नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

ही गोष्ट २०२२ च्या दिवाळीतली. त्या वर्षी सतरा वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉल वर्ल्डकप पहिल्यांदाच भारतात भरला होता. भुवनेश्वर, गोव्यातलं फातोर्डा आणि नवी मुंबई अशा तीन ठिकाणी सामने होते. फायनल होती ३० ऑक्टोबरला, रविवारी, नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर.

आमच्या गावच्या हायस्कूलच्या मुली फुटबॉल खेळतात. त्यांच्या सरांनी ठरवलं की मुलींना फायनल दाखवायची. पण मुलींना एवढ्या लांब पाठवायचं म्हणजे घरचं कुणीतरी बरोबर पाहिजे. म्हणून सर गटाच्या बैठकीला आले आणि म्हणाले, "तुम्हीच का येत नाही?"

आमच्यापैकी कुणीही पहिला प्रश्न फुटबॉलचा विचारला नाही. पहिला प्रश्न होता, "तिथं बाथरूमची सोय असती का?" दुसरा, "परत कधी यायचं?" तिसरा, "धार कोण काढणार?" सर हसले नाहीत. त्यांनी वहीत तिन्ही प्रश्न लिहून घेतले आणि दोन दिवसांनी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं घेऊन आले. तिसऱ्याचं उत्तर ज्याच्या त्याच्या घरात शोधायचं होतं.

घरात काय काय ऐकावं लागलं ते तुम्ही ओळखलंच असेल. परतीच्या पावसानं त्या वर्षी सोयाबीन भिजलं होतं. "रानात सोयाबीन कुजतंय आणि तुम्ही मॅच बघायला चाललाय?" एकीला दीर म्हणाले, "टीव्हीवर दिसती की." एकीच्या मालकांनी काहीच म्हटलं नाही, फक्त दोन दिवस बोलणं बंद ठेवलं. लग्नाला, बाराव्याला, देवाला, दवाखान्याला आम्ही घराबाहेर जातो. कारण सांगायला लागत नाही. नुसतं बघायला, मजेला जायचं म्हटलं की कारण सापडत नाही. आम्हालाच ते तोंडानं म्हणायला लाज वाटत होती. म्हणून आम्ही "पोरींच्या सोबतीला चाललोय" असं सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

सगळ्यात मोठा वाद आमच्या गोलकीपरच्या घरात झाला. पोरगी तेव्हा दहावीत होती. बापाचं म्हणणं, आता खेळ पुरे. त्याला निमित्तही मिळालं. भारताच्या मुली या वर्ल्डकपमध्ये भुवनेश्वरला तीन सामने खेळल्या आणि तिन्ही हरल्या. अमेरिकेनं आठ गोल केले, मोरोक्कोनं तीन, ब्राझीलनं पाच. आपला एकही नाही. बाप म्हणाला, "सोळा गोल खाल्ले. आपल्या पोरींचं काम न्हाई ते. कशाला हातपाय मोडून घ्यायचं?" पोरगी काही बोलली नाही. बोलली तिची आजी, म्हणजे बापाची आईच. "मी जातो बघायला. काय असतंय ते बघून येतो, मग बोलू." वय सत्तरीच्या पुढं. त्या दिवसापासून आमच्या नऊ जणींत आजी आल्या आणि मग कुणाच्या घरात फारसं काही बोलायला जागा उरली नाही.

एका ट्रॅव्हलर गाडीत आम्ही नऊ, मुली सहा, सर आणि त्यांच्या मिसेस. त्याही शाळेत शिकवतात, आम्ही त्यांना बाई म्हणतो. माणशी सातशे रुपये वर्गणी काढली. भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते, म्हणून डबे चिवड्या-चकलीनं भरलेले. पहाटे चारला निघालो. कराड गेलं, सातारा गेलं, पुण्यात चहा झाला. खंडाळ्याच्या घाटात दोघींना गाडी लागली. दुपारी नेरूळला पोचलो. खाण्याचे डबे आत नेता येत नाहीत असं सरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून गाडीतच जेवून घेतलं. गेटवर बायकांची तपासणी बायकाच करत होत्या. आजींच्या कमरेची चंची बघून पोलीसबाई हसल्या.

आता आत गेल्यावर काय वाटलं ते सांगतो.

जिना चढून वर आलो आणि समोर एकदम हिरवं दिसलं. टीव्हीवर मैदानाचा तुकडा दिसतो, जिथं बॉल आहे तेवढाच. इथं सगळंच दिसत होतं. बॉल एका टोकाला असला तरी दुसऱ्या टोकाची गोलकीपर काय करतेय तेही दिसत होतं. ती एका जागी उभी नव्हती. पुढं यायची, मागं जायची, हात करून ओरडून सांगायची. आमच्या गोलकीपरची आई म्हणाली, "मला वाटायचं, हिचं काम म्हंजे नुसतं हुबं राहायचं."

दुसरी गोष्ट आवाजाची. टीव्हीवर कुणीतरी सारखं बोलत असतं. इथं सांगणारं कुणी नाही. बॉलला लाथ बसली की त्याचा दणका वर ऐकू येत होता. आणि निसटलेलं परत दाखवत नाहीत. आमच्यातली एक जण पदर सारखा करायला खाली वाकली आणि तेवढ्यात गोल झाला. "परत दावतील की," म्हणून ती वाट बघत बसली. त्यानंतर तिनं मान खाली घातली नाही.

पहिला सामना साडेचारला होता, तिसऱ्या नंबरसाठी. नायजेरिया आणि जर्मनी. खेळाचे नियम आम्हाला मुलींनी तिथंच शिकवले. दोन्हीकडं अकरा-अकरा, पंचेचाळीस मिनिटांचे दोन भाग, हात लावायचा हक्क फक्त गोलकीपरला, तोही तिच्या चौकटीत. ऑफसाइड आम्हाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. आम्ही झेंडा वर गेला की "गेलं" म्हणायचो.

नायजेरियाच्या मुलींनी तीन गोल केले. आम्हाला वाटलं, झालं, संपलं. आमच्यातल्या दोघी चहा कुठं मिळतो बघायला उठल्या. मग जर्मनीच्या मुलींनी एक केला, दुसरा केला, आणि अगदी शेवटी शेवटी तिसराही. तीन-तीन! दिवस मावळला होता, मोठे दिवे लागले होते आणि आम्ही उभ्या राहून ओरडत होतो. कुणासाठी ओरडत होतो ते विचारू नका. दोन्हीकडच्या पोरी आमच्याच वाटत होत्या. पेनल्टीवर नायजेरिया तीन-दोननं जिंकली. पेनल्टी म्हणजे गोलपुढं एकटी गोलकीपर आणि समोर एकटी मारणारी. आमची गोलकीपर त्या वेळी आईचा हात इतका घट्ट धरून बसली होती की आईच्या बांगडीचा वण उठला.

रात्री आठला फायनल सुरू झाली. स्पेन आणि कोलंबिया. स्पेन आधीचा विजेता, २०१८ चा. कोलंबियाच्या मुली पहिल्यांदाच इथवर आलेल्या. पाऊण तास गेला, तासही उलटला, गोल नाही. आम्ही सगळ्या कोलंबियाच्या बाजूला झालो होतो, कारण आजी त्यांच्या बाजूला होत्या. का, तर "त्या पोरी जास्त पळालीयात."

ब्याऐंशीव्या मिनिटाला बॉल जाळ्यात गेला. सगळं मैदान उठलं.

आजींनी विचारलं, "कुणी मारला गं?"

नात म्हणाली, "आजी, सेल्फ गोल झाला. कोलंबियाच्याच पोरीला लागून आत गेला."

आजी थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता त्या पोरीला घरात घेतील न्हवं?"

मैत्रिणींनो, आम्ही कुणी हसलो नाही. आम्हाला त्या मुलीचा चेहरा एवढ्या लांबून दिसत नव्हता. पण आजी काय विचारतायत ते सगळ्यांना कळलं होतं. दूध उतू गेलं, म्हस आटली, मुलगीच झाली, पोरगा नापास झाला, सगळं कुणाच्या नावावर लागतं? एकदा हातून काही सांडलं की वीस वर्षं ऐकावं लागतं. तिचं तर सगळ्या जगासमोर सांडलं होतं.

नात म्हणाली, "घेतील आजी. सेल्फ गोल कुणाकडनंबी हुतो. आमचे सर म्हणतात, जी बॉल आडवायला जाती तिच्याकडनंच हुतो. जी जात न्हाई तिच्याकडनं कशाला हुईल?"

स्पेन एक-शून्यनं जिंकला.

परतीच्या वाटेवर रात्रभर गाडीत कुणाला झोप नाही. तेव्हा बाईंनी आम्हाला इराणची गोष्ट सांगितली. ती ऐकून आम्ही आधी गप्प झालो आणि मग फार वेळ बोलत बसलो, म्हणून ती तुम्हालाही सांगतो.

इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर बायकांना पुरुषांच्या फुटबॉल मॅचला मैदानात जाऊन बसायची बंदी आली. एखाददुसरा अपवाद सोडला तर चाळीसेक वर्षं ती टिकली. तिथल्या बायकांना फुटबॉलचं वेड नव्हतं असं नाही. काही मुली केस लपवून, नकली दाढी लावून, पुरुषाच्या वेशात आत जायच्या. सहर खोदायारी नावाची एकोणतीस वर्षांची मुलगी २०१९ मध्ये अशीच आपल्या आवडत्या टीमची मॅच बघायला निघाली आणि पकडली गेली. त्या टीमचा रंग निळा, म्हणून लोक तिला निळी मुलगी म्हणू लागले. आपल्याला तुरुंगात जावं लागणार असं तिच्या कानावर आलं आणि कोर्टाबाहेर तिनं स्वतःला पेटवून घेतलं. त्यातच ती गेली. एक मॅच बघण्यावरून एका घरातली लेक गेली.

साऱ्या जगात त्यावर बोललं गेलं. जागतिक फुटबॉल संघटनेनं, म्हणजे फिफानं, इराणवर दबाव आणला. आणि १० ऑक्टोबर २०१९ ला तेहरानच्या मोठ्या मैदानात तिकीट काढून बायका आत गेल्या. साडेतीन हजारांच्या वर बायका होत्या. त्यांना वेगळं बसवलं होतं, जाळी लावून. पण आत बसल्या. इराणनं त्या दिवशी कंबोडियाला चौदा गोल केले. त्या मैदानाचं नाव काय आहे माहीत आहे? आझादी. आपण आझादी म्हणतो तेच, तोच शब्द. आझादी नावाच्या मैदानात बायकांना जायला चाळीस वर्षं लागली.

गाडीत अंधारच होता. कुणीतरी मागनं म्हणालं, "त्यांच्या दाराला कुलूप हुतं. आपल्या दाराला कुठं हुतं? मग आपुन का गेलो न्हाई?"

याचं उत्तर आम्ही अजून शोधतोय. शाहू स्टेडियम आमच्या गावापासून एसटीनं पाऊण तासावर आहे. आम्ही बाजाराला जातो तेव्हा त्याच्या बाजूनं जातो. कायदा आडवा नव्हता. आडवं होतं ते आमचं आम्हीच धरून ठेवलेलं. बायकांनी बघायला बसायचं नसतं, बायकांनी बघत बसलेल्या माणसांना चहा द्यायचा असतो, एवढंच आमच्या अंगवळणी पडलं होतं. दोष सगळा घरच्यांवर टाकला तर सोपं जाईल, पण ते खरं होणार नाही. आणि सगळा आमच्यावर घेतला तर तेही खरं नाही. धार कोण काढणार हा प्रश्न खराच होता. त्या दिवशी नऊ घरांत कुणी ना कुणी धार काढलीच. एकीच्या दिरांनीही काढली, तेच टीव्हीवर दिसतं म्हणणाऱ्या. दूध थोडं कमी आलं, एवढंच.

सोमवारी सकाळी घरी आलो. गोलकीपरच्या बापानं आईला विचारलं, "काय बघून आलीस?" आजी म्हणाल्या, "तुझी पोरगी काय काम करती ते बघून आलो. तू कवा बघितलंस?" त्यानं बघितलं नव्हतं. शाहू स्टेडियमवर त्यानं शंभर मॅच बघितल्या असतील, पण आपल्या मुलीची एकही नाही. मग आजींनी सोळा गोलांचाही हिशेब काढला. भारताच्या मुलींची कॅप्टन झारखंडची अस्तम उरांव. तिच्या घराकडं जाणारा रस्ता बांधत होते आणि तिचे आईबाप त्याच रस्त्यावर रोजंदारीनं राबत होते, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. हे बाईंनी गाडीत सांगितलं होतं. आजी म्हणाल्या, "रोजगार करणाऱ्याची पोरगी जगाम्होरं हुबी राहिली. सोळा गोल खाल्ले म्हंतोस. तिला हुबी राहायला कुणी किती दिस शिकवलं, ते बी मोज की."

बाप लगेच बदलला असं नाही. पण दहावीची परीक्षा होईपर्यंत खेळ बंद आणि नंतर बघू, असं ठरलं. नंतर तो मैदानाच्या कडेला मोटरसायकलवर बसून बघायला लागला. आत येत नाही, लांबनंच बघतो. पोरगी आता बारावीला आहे आणि खेळतेय.

आणखी एक सांगायचं राहिलं. आजींच्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या वर्षी मिळालं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मोठ्या बायकांचा वर्ल्डकप ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये चालू होता. एक दिवस सर मोबाइल घेऊन आजींकडं आले. ज्या मुलीला लागून तो सेल्फ गोल झाला होता, तिचं नाव आना गुझमान. तिला कोलंबियानं मोठ्यांच्या टीममध्ये घेतलं होतं. ८ ऑगस्टला मेलबर्नला जमैकाविरुद्ध ती खेळली. कोलंबियानं तो सामना एक-शून्यनं जिंकला. तो एक गोल झाला तो या मुलीनं दिलेल्या पासवर. त्या विजयानं कोलंबियाच्या बायका पहिल्यांदा शेवटच्या आठांत गेल्या.

आजींनी मोबाइल हातात घेतला, लांब धरून बघितला. म्हणाल्या, "घेतलं म्हणायचं घरात." आणि पदरानं डोळे पुसले. मग सरांना चहा केला.

मैत्रिणींनो, तुम्हाला नवी मुंबईला जा असं आम्ही म्हणत नाही. तुमच्या तालुक्याला शालेय स्पर्धा होतात. कबड्डी असेल, खोखो असेल, हॉकी असेल. पावसाळा सरताना शाळेत विचारा, मुलींचे सामने कधी आणि कुठं आहेत. पाच-सहा जणी मिळून जा. एकटीला घरून निघणं जड जातं, गटाला सोपं जातं. जाण्याआधी बाथरूमची सोय आणि परतीची शेवटची एसटी विचारून ठेवा. विचारायला लाजू नका, आमचा पहिला प्रश्न तोच होता. पाणी प्यायचं सोडू नका. जमलं तर घरातल्या सासूबाईंना बरोबर घ्या, त्यांनीही कधी बघितलेलं नसतं. आणि घरून निघताना कारण विचारलं तर "बघायला चाललोय" म्हणून सांगा. आम्ही ते पहिल्या वेळी म्हणू शकलो नाही. आता म्हणतो.

येत्या हंगामात आम्ही शाहू स्टेडियमला जाणार आहोत. कुणाच्या बाजूनं ओरडायचं यावर गटात आत्ताच दोन तट पडलेत. काकी म्हणतात, या वेळी गुलाल लागला तर आपला आपणच धुवायचा.